‘द साइडवाइंडर’ कसा ऐकावा: चोवीस बारांचं आवर्तन धरून

जॅझ ऐकू पाहणाऱ्या बऱ्याच जणांची गाडी एकाच ठिकाणी अडते. सुरुवातीची धून आवडते, पाय हलतो. मग ट्रम्पेटवाला सुटतो, त्याच्यामागून सॅक्सोफोन, मग पियानो, आणि आठ-दहा मिनिटांनी ती धून पुन्हा उगवते. मधल्या वेळात ही मंडळी कुठे गेली होती, काही कळत नाही. माझंही कित्येक महिने असंच चाललं होतं. ट्रम्पेटच्या सुरांमागे धावायचो आणि दोन मिनिटांत हरवायचो. हा गुंता सुटला ट्रम्पेटवादक ली मॉर्गनच्या ‘द साइडवाइंडर’ या अल्बमवर, आणि सुटला तो मात्रा मोजल्यामुळे.

ख्याल ऐकताना ज्याला सम कळते, त्याला गवय्या कितीही लांब गेला तरी धाकधूक नसते. जॅझमध्येही खाली एक आवर्तन फिरत असतं आणि शेवटपर्यंत फिरतच राहतं. ते हाताला लागलं की वरचं वादन उलगडायला लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या एका गोष्टीसाठी आहेत. एका बैठकीत सगळं करू नका. आठवडाभर रोज थोडं ऐका.

आधी थोडी ओळख

ली मॉर्गनचा जन्म १९३८चा, फिलाडेल्फियातला. त्याच शहरात वावरणाऱ्या ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनकडून त्याला लहान वयात थोडं शिकायला मिळालं. अठराव्या वर्षी तो ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या मोठ्या वाद्यवृंदात वाजवत होता. १९५८ ते १९६१ या काळात ड्रमर आर्ट ब्लेकीच्या ‘जॅझ मेसेंजर्स’मध्ये त्याचं नाव झालं. मग हेरॉइनच्या व्यसनाने त्याला गाठलं आणि तो न्यू यॉर्क सोडून फिलाडेल्फियाला परतला. १९६३मध्ये तो पुन्हा न्यू यॉर्कला आला आणि त्या वर्षाच्या २१ डिसेंबरला, एकाच दिवसात, हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. पाचही रचना त्याच्या स्वतःच्या.

हा अल्बम हार्ड बॉपचा. ही १९५०च्या दशकाच्या मध्यावर घडलेली जॅझची शैली. त्याआधीच्या बीबॉपमध्ये वेग होता, अवघड वळणं होती, बुद्धीची चमक होती. ब्लेकी, पियानोवादक होरेस सिल्व्हर आणि त्यांच्या बरोबरीच्या वादकांनी त्यात ब्लूज पुन्हा ठसठशीतपणे आणला, कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्याची ऊब आणली, रिदम अँड ब्लूजचा ठेका आणला. नेहमीचा संच पाच जणांचा: ट्रम्पेट, टेनर सॅक्सोफोन, पियानो, डबल बास आणि ड्रम्स. इथे मॉर्गनबरोबर टेनरवर जो हेंडरसन, पियानोवर बॅरी हॅरिस, बासवर बॉब क्रॅनशॉ आणि ड्रम्सवर बिली हिगिन्स आहेत. ही पाच नावं कागदावर लिहून समोर ठेवा. कोण वाजवतंय हे नावानिशी माहीत असलं की कान जास्त मन लावून ऐकतो.

तयारी

मूळ तबकडीत पाच रचना आहेत, मिळून साधारण चाळीस मिनिटांच्या. नंतरच्या काही आवृत्त्यांत ‘टोटेम पोल’ दुसऱ्यांदा, वेगळ्या वादनात येतो. सुरुवातीला पाचव्या रचनेनंतर थांबा, कारण अल्बमचा क्रम विचार करून लावलेला आहे.

मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. त्यातून बास जवळजवळ नाहीसा होतो आणि इथे बास गेला की पायाच गेला. साधे वायरचे हेडफोन चालतील. आणखी एक गोष्ट हाताशी ठेवा: मोबाइलवरचं तानपुऱ्याचं ॲप. त्याचा उपयोग तिसऱ्या पायरीवर आहे.

पहिली पायरी: फक्त पाय

शीर्षकरचना लावा आणि ट्रम्पेटकडे मुद्दाम दुर्लक्ष करा. सुरुवातीला बास आणि पियानो मिळून एक आकृती वाजवतात, तिच्यावर पाय टाका. दोन-तीन मिनिटं एवढंच.

एरवीच्या जॅझमध्ये मात्रेचे दोन भाग समान नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड, आणि त्यातून ती झुलती चाल येते जिला स्विंग म्हणतात. इथे हिगिन्स मात्रेचे भाग बऱ्यापैकी सरळ ठेवतो. हा बूगालूच्या जातीचा, नाचाचा ठेका आहे. पण त्याच्या हातात जॅझची सैल लवचीकता आहे, त्यामुळे तो यंत्रासारखा ठोकत नाही. त्याची राइड सिंबल, म्हणजे उजव्या हाताची मोठी झांज, शोधून काढा. ती सापडली की तिच्याच आवाजावर एक मिनिट राहा. मग स्नेअरवरच्या टपल्या ऐका. त्या दर वेळी त्याच जागी पडत नाहीत. तबलजी साध्या ठेक्यातही मध्येच एखादा बोल भरतो आणि गवय्याला दाद देतो, तसं हे चाललेलं असतं. हिगिन्स इतक्या आनंदात वाजवतो की त्याच्याच ठेक्यासाठी मी ही रचना पुन्हा पुन्हा लावतो.

दुसरी पायरी: चोवीस मोजणं

आता खरं काम. पाश्चात्त्य संगीतात मात्रांच्या एका गटाला बार म्हणतात. इथे एका बारमध्ये चार मात्रा आहेत. मोजायची पद्धत अशी: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार… पहिल्या आकड्याने बारचा क्रमांक लक्षात राहतो. बोटांच्या पेरांवर मोजायची सवय असेल तर फारच उत्तम. दोन हातांची मिळून चोवीस पेरं होतात आणि आपल्याला नेमके चोवीस बारच मोजायचे आहेत.

साधा ब्लूज बारा बारांचा असतो. मॉर्गनने तो ऐसपैस करून चोवीसचा केला आहे. सुरुवातीची आकृती संपून ट्रम्पेट आणि टेनर मिळून धून वाजवू लागले की ‘एक’ म्हणा. चोवीस बार झाले की एक आवर्तन पूर्ण झालं. त्याला जॅझवाले कोरस म्हणतात. इथे एका कोरसला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो.

पहिल्या दोन-तीन खेपांना मोजणी हमखास चुकेल. चुकली की परत सुरुवातीला या. धुनीवर मोजणी पक्की बसेपर्यंत एकल वादनाकडे वळूच नका. तिथे वरचे सूर तुम्हाला खेचून नेतात आणि आकडा हातातून निसटतो.

मोजणी जमली की आकडे सोडून द्या आणि धून गुणगुणा. मॉर्गन एकल वादन सुरू करतो तेव्हाही मनातल्या मनात मूळ धूनच म्हणत राहा. तो काहीही वाजवो, तुम्ही खाली मुखडा धरलेला आहे. धून जिथे संपते तिथे त्याचाही कोरस संपतो. एकदा का तुमची धून आणि त्याचं वाक्य एकाच क्षणी नव्या आवर्तनात शिरले, की अंगावर शहारा येतो. समेवर दाद जाते तशी इथेही मान आपोआप हलते.

तिसरी पायरी: काळी दोनवर तानपुरा

ही युक्ती मला फार उशिरा सुचली. रचनेचा षड्ज पाश्चात्त्य भाषेत ‘ई फ्लॅट’ आहे, आपल्या पेटीच्या भाषेत काळी दोन. ॲपमध्ये काळी दोन लावा, हलक्या आवाजात सुरू ठेवा आणि त्यावर रचना ऐका.

पहिले आठ बार घर षड्जावर आहे. नवव्या बारला पियानो आणि बास मध्यमावर जातात आणि चार बार तिथे राहतात. तेराव्याला पुन्हा साच्या घरी येतात. शेवटच्या आठ बारांत सुरावट सर्वांत जास्त हलते आणि फिरून घरी पोहोचते. नवव्या बारला तुम्ही सा धरून ठेवलात तर तो सा बदलत नाही, पण त्याची चव बदलते, कारण मध्यमाच्या घरात तोच सूर पंचमाच्या जागी बसतो. ख्यालात षड्ज अढळ असतो आणि त्याच्याभोवती राग फुलतो. इथे पायाखालची जमीन ठरलेल्या वेळी सरकते आणि वादकाला त्या सरकण्यासकट बोलावं लागतं. दोन्ही संगीतांतला हा फरक एकदा तानपुऱ्यावर ऐकला की पुस्तकी व्याख्येची गरज उरत नाही.

आता गंधाराकडे कान द्या. साच्या घरात जो स्वरसमूह आहे त्यात शुद्ध गंधार आणि कोमल निषाद असतात. मध्यमाच्या घरात गेल्यावर तिथला कोमल निषाद म्हणजे आपल्या षड्जापासून मोजला तर कोमल गंधार. म्हणजे आवर्तन फिरता फिरता गंधार शुद्धाचा कोमल होतो आणि परत शुद्ध होतो. वादक तर या दोहोंच्या मधल्या जागीही रेंगाळतात, आणि ब्लूजची सगळी कळ त्या रेंगाळण्यात आहे. जोगमध्ये दोन्ही गंधार ऐकलेल्या कानाला हे अनोळखी वाटणार नाही. तरीही इथे जोग शोधू नका, चलन पूर्ण निराळं आहे.

चौथी पायरी: मॉर्गनचा आवाज

आता ट्रम्पेटकडे या. या वाद्याला तीनच झडपा असतात. बाकी सगळं ओठांच्या ताणावर आणि श्वासावर चालतं. झडप पूर्ण दाबली की स्वच्छ सूर निघतो. मॉर्गन ती मुद्दाम अर्धवट दाबतो, आणि सूर गुदमरल्यासारखा, घसरत, थोडा लाडात आल्यासारखा बाहेर पडतो. मींड म्हणावी तर तिच्यात मींडेची गुळगुळीत वाट नाही. बोलता बोलता माणूस शब्द ओढतो तसं काहीसं ते आहे. त्याच्या वादनातल्या अशा जागा शोधा. सापडल्या की त्याचा आवाज हजारांत ओळखाल.

दुसरी गोष्ट, तो थांबतो. छोटं वाक्य टाकतो, गप्प राहतो, मग त्याच वाक्याला उत्तर देतो. त्या मोकळ्या जागेत हॅरिसचा पियानो आणि हिगिन्सचे ड्रम्स काय करतात ते ऐका. तिसरी गोष्ट, एकच सूर जिभेच्या टोकाने पटापट तोडून तो लयीत ठोकतो. तिथे ट्रम्पेट जणू तालवाद्य होतं. मेसेंजर्समध्ये ब्लेकीच्या दणदणीत ड्रम्ससमोर घालवलेली वर्षं इथे कामी आली असावीत, असं मला नेहमी वाटतं.

हे एकल वादन पाठ होईपर्यंत ऐका. खरोखर पाठ, म्हणजे भांडी घासताना तोंडातून निघेल इतकं. ते गाता येण्याजोगं आहे आणि म्हणूनच नवख्यासाठी ही रचना योग्य आहे.

ट्रम्पेटचा आवाज आपल्याला तसा परका नाही. गोव्याहून मुंबईत आलेल्या वादकांनी तो आपल्या कानांवर घातला. हळदोण्याचे चिक चॉकलेट ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवत आणि सी. रामचंद्रांबरोबर सिनेसंगीतातही काम करत. त्या काळच्या हिंदी गाण्यांतला ट्रम्पेट आवडत असेल, तर तुमचा कान अर्ध्या वाटेवर आधीच आहे.

पाचवी पायरी: बाकीचे चौघे

मॉर्गननंतर हेंडरसन येतो. तेव्हा तो नव्याने पुढे येत होता. हा अल्बम काढणाऱ्या ब्लू नोट या कंपनीसाठी त्याचं ध्वनिमुद्रण त्याच वर्षी सुरू झालं होतं. मॉर्गनची वाक्यं ठसठशीत आणि उजेडातली, हेंडरसनची वळणं घेत जाणारी, खरबरीत. तो एखादी छोटी आकृती पकडतो आणि तिला उलटीपालटी करत राहतो. दोघांना लागोपाठ ऐकून स्वतःला विचारा: तेच आवर्तन, तेच घर, मग इतका फरक कशाने पडला?

हॅरिस डेट्रॉइटचा, अस्सल बीबॉपमधला माणूस. या नाचऱ्या ठेक्यावर त्याचा पियानो थोडा वेगळ्या मातीतला वाटतो, आणि मला तो तसाच आवडतो. त्याच्या एकल वादनापेक्षा त्याची संगत जास्त लक्ष देऊन ऐका. इतरांच्या वाक्यांमध्ये तो कुठे बोट टेकवतो आणि कुठे हात मागे घेतो, हे संगतीचा धडा म्हणून ऐकण्यासारखं आहे. क्रॅनशॉ पुढे कित्येक वर्षं सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सबरोबर होता. इथे त्याने सुरुवातीची आकृती इतकी निगुतीने धरली आहे की ती काढून घेतली तर रचना कोसळेल. शीर्षकरचनेत त्यालाही एकट्याला जागा मिळते. तिथे आवाज थोडा वाढवा आणि मोजणी सोडू नका. बासच्या एकल वादनातच बहुतेकांचं आवर्तन हरवतं.

सहावी पायरी: उरलेल्या चार रचना

खूप लोक शीर्षकरचना ऐकतात आणि थांबतात. त्यात त्यांचं मोठं नुकसान आहे.

‘टोटेम पोल’ शीर्षकरचनेइतकीच लांब, दहा मिनिटांची आहे. वळण मायनर, म्हणजे कोमल गंधाराच्या बाजूचं, आणि ठेक्याला लॅटिन छटा. माझ्या मते अल्बममधली सर्वांत सुंदर धून हीच. शीर्षकरचनेच्या उन्हानंतर ही संध्याकाळी ऐका.

‘गॅरीज नोटबुक’ तीन मात्रांच्या गटात आहे. आपल्याला दादरा रक्तातूनच येतो, त्यामुळे पाय लगेच बसतो. पण हाही ब्लूजच आहे. साच्या घरातून मध्यमाच्या घरात जाणं आणि परतणं इथे तीनच्या गटांत ऐकू येतं का ते तपासा. तानपुऱ्याचा सूर मात्र इथे नव्याने जुळवून घ्या. ‘बॉय, व्हॉट अ नाइट’मध्ये मात्राच तीन-तीनच्या लाटांत फुटते, चर्चमध्ये टाळ्या देत गावं तशी. तोही लांबवलेला ब्लूजच. म्हणजे पाचांपैकी तीन रचना एकाच वंशातल्या आहेत आणि तिघींची चाल निराळी. एकाच बीजातून एवढं काढणाऱ्या मॉर्गनची रचनाकार म्हणून पुरेशी कदर होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

शेवटची ‘होकस पोकस’ ब्लूज नाही. ती बत्तीस बारांची, आठ-आठच्या चार भागांची रचना: पहिले दोन भाग सारखे, तिसरा वेगळा, चौथा पुन्हा पहिल्यासारखा. स्थायी दोनदा, अंतरा एकदा, परत स्थायी, असं लक्षात ठेवा. खालची स्वरसमूहांची चौकट ‘मीन टू मी’ या १९२९च्या लोकप्रिय गाण्याची आहे आणि तिच्यावर मॉर्गनने नवी धून बसवली. जॅझमध्ये ही जुनी, राजमान्य पद्धत आहे. वादकांना चौकट आधीच पाठ असते, त्यामुळे ते निर्धास्तपणे धावतात. ते गाणं आधी एकदा ऐका, लगेच ‘होकस पोकस’ लावा आणि जुनं गाणं नव्या धुनीखाली गुणगुणून पाहा. बसतं. इथला ठेका अस्सल स्विंगचा, त्यामुळे पहिल्या पायरीवर सांगितलेला सरळ आणि झुलत्या मात्रेतला फरकही नीट कळतो.

खोलीचा आवाज

हे ध्वनिमुद्रण न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्स इथे रुडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत झालं. व्हॅन गेल्डर व्यवसायाने डोळे तपासणारा. आधी तो हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करायचा. १९५९मध्ये त्याने उंच लाकडी छताचा हा स्टुडिओ उभारला. पाचही जण एकत्र वाजवत होते, एकेकाचा आवाज नंतर चिकटवलेला नाही. एकदा हेडफोन लावून, डोळे मिटून, कोणतं वाद्य कोणत्या कानात आहे याचा नकाशा कागदावर काढा. त्यानंतर ते तुम्हाला खोलीत उभे असलेले दिसू लागतात. ब्लू नोट कंपनी वादकांना तालमीचेही पैसे देत असे. त्यामुळे ट्रम्पेट आणि टेनर धून इतक्या एकजिवाने घेतात.

पुढे काय झालं

कंपनीने सुरुवातीला अवघ्या चार हजार प्रती काढल्या होत्या, त्या काही दिवसांत संपल्या. जॅझचा हा अल्बम बिलबोर्डच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत पंचविसाव्या क्रमांकापर्यंत चढला. एका मोटार कंपनीने धून परवानगीशिवाय दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत वापरली आणि दाव्याचा इशारा मिळताच ती मागे घेतली. यशाचा तोटाही झाला. पुढे बऱ्याच अल्बमांची सुरुवात अशाच नाचऱ्या रचनेने होऊ लागली. दरम्यान, फेब्रुवारी १९६४मध्ये मॉर्गनने ‘सर्च फॉर द न्यू लँड’ ध्वनिमुद्रित केला होता. तो शांत, खोल, शोध घेणारा अल्बम १९६६पर्यंत बाहेर आला नाही.

१९ फेब्रुवारी १९७२च्या पहाटे न्यू यॉर्कच्या स्लग्ज या क्लबमध्ये मॉर्गनला गोळी लागली. ती झाडणारी हेलन ही त्याची जोडीदार होती. व्यसनातून बाहेर पडायला तिनेच त्याला मदत केली होती. बर्फ खूप पडलं होतं, रुग्णवाहिकेला पोहोचायला उशीर झाला. तो तेहतीस वर्षांचा होता. हे कळल्यानंतर शीर्षकरचनेतला तो उजेड ऐकणं काही दिवस मला जमलं नव्हतं.

यानंतर काय ऐकाल

‘सर्च फॉर द न्यू लँड’ आधी ऐका, म्हणजे त्याच माणसाची दुसरी बाजू दिसेल. मग ब्लेकीचा १९५८चा ‘मोनिन’. तिथल्या शीर्षकरचनेत पियानो हाक देतो आणि बाकीचे ओ देतात, चर्चमध्ये होतं तसं. हेंडरसन आवडला असेल तर १९६३चे दोन अल्बम घ्या: ट्रम्पेटवादक केनी डोरहॅमचा ‘ऊना मास’ आणि हेंडरसनचा स्वतःचा ‘पेज वन’.

आणि मग १९५७चा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा ‘ब्लू ट्रेन’. तिथे ट्रम्पेटवर मॉर्गन आहे, वय एकोणीस. शीर्षकरचना साध्या बारा बारांच्या ब्लूजची आहे. तुम्ही चोवीस मोजायला शिकलेले आहात, तेव्हा बारा सहज येतील. धून संपली की आधी कोल्ट्रेन वाजवेल. पेरं मोजत राहा. त्याच्यानंतर मॉर्गन आत येईल तेव्हा तुमचं बोट पहिल्या पेरावर असलं पाहिजे.